मीठ, आयोडीन आणि गलगंड
आहारातील खनिजांच्या प्रमाणाविषयी काही विचार

मानवी शरीर मुख्यतः पाणी, प्रथिने व स्निग्ध पदार्थ यांचे बनलेले आहे. हे सर्व वगळले असता जो अल्पसा अंश शिल्लक राहतो, तो खनिजांचा. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे 1 किलोग्रॅम कॅल्शियम असते व त्याचा शेकडा 99 भाग हाडांत व दातांत साठविलेला असतो. लोह अवघे 3 ते 4 ग्रॅम असते. आयोडीन तर 15 ते 20 मिलिग्रॅम, म्हणजे मोहरीच्या काही दाण्यांच्या वजनाइतकेच. यांपैकी एकही खनिज शरीर स्वतः तयार करू शकत नाही. माती, पाणी, वनस्पती व प्राणी या मार्गानेच ते मनुष्याच्या पोटात येते. सबब एखाद्या प्रदेशातील मातीत जे नाही, ते तेथील धान्यात येत नाही. आणि जे धान्यात नाही, ते त्यावर वाढणाऱ्या मुलांच्या देहात येत नाही.

खनिजांच्या न्यूनतेचे एक वैशिष्ट्य येथे प्रारंभीच सांगितले पाहिजे. अन्न कमी पडले की भूक लागते, पाणी कमी पडले की तहान लागते. परंतु आयोडीन कमी पडले असता कोणतीच जाणीव होत नाही. पोटभर जेवणारा माणूसही वर्षानुवर्षे त्याला वंचित राहू शकतो. परिणाम दिसू लागतो तेव्हा काळ पुष्कळ लोटलेला असतो आणि त्यातील काही परिणाम पुढे कोणत्याही उपायाने पुसता येत नाहीत. खनिजांचा समतोल हा विषय म्हणूनच दिवसांचा नव्हे, तर आयुष्याचा आणि पिढ्यांचा आहे. आयोडीनचे उदाहरण या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे; त्याचा अभ्यास आपल्या देशातही मोठ्या प्रमाणावर व पद्धतशीरपणे झालेला आहे.

अवटू ग्रंथीचे कार्य

गळ्याच्या पुढील भागात, श्वासनलिकेला लगटून, फुलपाखराच्या पंखांसारखी दोन दले असलेली एक ग्रंथी असते. तिला अवटू ग्रंथी म्हणतात. प्रौढ माणसात तिचे वजन सुमारे 20 ग्रॅम भरते. शरीरातील आयोडीनचा बहुतांश साठा याच लहानशा ग्रंथीत असतो. रक्तातून वाहत येणारे आयोडीन टिपून घेऊन ही ग्रंथी थायरॉक्सिन नावाचा अंतःस्राव तयार करते. थायरॉक्सिनच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. शरीरातील पेशींनी किती वेगाने काम करावे, हाडांनी किती वाढावे, हृदयाने किती जलद चालावे, या सर्वांवर या स्रावाचे नियंत्रण असते. गर्भावस्थेत व जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदूची जी जडणघडण होते, तिला तर तो अत्यावश्यक आहे.

मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी या कामावर देखरेख ठेवते. रक्तातील थायरॉक्सिन घटले की ती आपल्या स्रावाने अवटू ग्रंथीला अधिक काम करण्यास प्रवृत्त करते. आहारात आयोडीनच नसेल तर हा आग्रह निष्फळ ठरतो. घाण्यात तीळच घातले नाहीत, तर बैल कितीही हाकला तरी तेल निघत नाही, तसाच हा प्रकार होय. मात्र सततच्या या आग्रहामुळे ग्रंथीच्या पेशी वाढत जातात, ग्रंथी फुगते व गळ्यावर गाठ दिसू लागते. यालाच गलगंड म्हणतात. हा शब्द आयुर्वेदाच्या प्राचीन संहितांतही आढळतो, यावरून हा विकार भारतात किती जुना आहे याची कल्पना येईल.

प्रौढ माणसाला दररोज सुमारे 150 मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते. गर्भवती व अंगावर पाजणारी माता यांना सुमारे 250 मायक्रोग्रॅम लागते. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लक्षावा भाग. या हिशेबाने सत्तर वर्षे जगणाऱ्या माणसाची जन्माची गरज चार ग्रॅमही होत नाही; चहाचा एक लहान चमचा त्याने जेमतेम भरेल. परंतु हा चमचा एकदाच देऊन भागत नाही. ग्रंथीतील साठा काही महिनेच पुरतो आणि जादा आयोडीन मूत्रावाटे निघून जाते. ते थोडे थोडे, पण नित्य मिळाले पाहिजे.

पर्वतप्रदेशातील माती

आयोडीनचा मोठा साठा समुद्रात आहे. समुद्राच्या पृष्ठभागावरून त्याचा काही अंश वायुरूपाने हवेत जातो व पावसाबरोबर जमिनीवर परत येतो; पण ही परतफेड फार मंद असते. याउलट हिमनद्यांचे घर्षण, उतारावरून धावणारे पाणी व वारंवार येणारे पूर यांमुळे मातीतील आयोडीन झपाट्याने धुऊन जाते. हिमालयाच्या उतारांवर व पायथ्याच्या तराई भागात हेच युगानुयुगे घडत आले आहे. जम्मू-काश्मीरपासून पूर्वेकडील डोंगराळ राज्यांपर्यंत पसरलेला गलगंडाचा पट्टा हा जगातील सर्वांत मोठ्या पट्ट्यांपैकी एक मानला जात असे, त्याचे कारण हेच होय.

हे कारण आज सोपे वाटते. पण ते मान्य होण्यास शंभर वर्षे लागली. समुद्रशैवालाच्या राखेतून कूर्त्वा या फ्रेंच रसायनज्ञाने 1811 मध्ये आयोडीन शोधून काढले. 1820 मध्ये जिनिव्हा येथील क्वांदे या वैद्याने गलगंडावर त्याचा उपयोग केला. पुढे शातँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने पाणी व माती यांतील आयोडीनचे मापन करून, जेथे ते कमी तेथे गलगंड अधिक, असे प्रतिपादन केले. पण ते समकालीनांना पटले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी गिलगिट व चित्रळ या भागांत या विकाराचा कसून अभ्यास केला. एकाच ओढ्याच्या काठी वसलेल्या गावांत, जसजसे खाली जावे तसतसे गलगंडाचे प्रमाण वाढत जाते, असे त्यांना दिसले. त्यावरून दूषित पाण्यातील जंतूच या विकाराच्या मुळाशी असावेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. निरीक्षण काळजीपूर्वक केलेले होते, तरी निष्कर्ष अपुरा होता. अस्वच्छ पाण्याने गलगंडाला हातभार लागू शकतो. परंतु आयोडीन भरपूर असेल तर केवळ तेवढ्याने तो उद्भवत नाही. याच मॅकॅरिसन यांनी कुन्नूर येथे सुरू केलेल्या पोषणविषयक संशोधनातून पुढे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था उभी राहिली, ही गोष्ट त्यांच्या कार्याचे मोल ठरविताना विसरता कामा नये.

दरम्यान अमेरिकेतील ओहायो राज्यात मरीन व किंबॉल यांनी 1917 पासून शाळकरी मुलींना आयोडीन देऊन गलगंड टाळता येतो हे दाखविले होते आणि स्वित्झर्लंडमध्ये 1922 पासून आयोडीन मिसळलेले मीठ विकले जाऊ लागले होते. पण तेथे चालले ते हिमालयात चालेल का, हा प्रश्न शिल्लक होता. येथील मीठ जाडे, ओलसर व अशुद्ध. ते उघड्या पोत्यांतून दूरवर जाई व पावसाळ्यात पाझरत असे.

कांगडा खोऱ्यातील प्रयोग

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी 1956 मध्ये कांगडा खोऱ्यात एक प्रयोग सुरू करण्यात आला. हे खोरे त्या वेळी पंजाब राज्यात होते व 1966 पासून हिमाचल प्रदेशात आहे. प्रयोगाचे नेतृत्व डॉ. वुलिमिरी रामलिंगस्वामी यांच्याकडे होते. ते पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे संचालक झाले. सुमारे एक लाख लोकवस्तीच्या प्रदेशाचे तीन विभाग पाडण्यात आले. पहिल्या विभागाला पोटॅशियम आयोडाइड मिसळलेले मीठ, तिसऱ्याला पोटॅशियम आयोडेट मिसळलेले मीठ व मधल्या विभागाला नेहमीचे साधे मीठ पुरविण्याची व्यवस्था झाली. लोकांच्या आहारात दुसरा कोणताही बदल केला नाही. डाळ, भात, मका, भाजी सर्व पूर्ववतच राहिले.

प्रारंभीच्या पाहणीत तिन्ही विभागांत साधारणपणे दर पाच जणांत दोघांना गलगंड आढळला होता. एखाद्या प्रदेशातील शाळकरी मुलांत शेकडा पाचांहून अधिकांना गलगंड असेल, तर तो विकार तेथे प्रदेशनिष्ठ आहे असे समजतात. त्या मापाने कांगड्यातील स्थिती किती गंभीर होती ते उघड आहे. सहा वर्षांनी, 1962 मध्ये, पुन्हा तपासणी झाली. आयोडीनयुक्त मीठ मिळालेल्या दोन्ही विभागांत गलगंडाचे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली आले होते. साध्या मिठाच्या विभागात ते जवळजवळ होते तेथेच राहिले होते.

या निकालात दोन गोष्टी विशेष ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, आयोडाइड व आयोडेट हे दोन्ही क्षार गुणकारी ठरले. परंतु दमट हवेत आयोडाइडमधील आयोडीन सुटून उडून जाते, आयोडेट मात्र टिकून राहते. भारतीय मिठासाठी आयोडेट पसंत करण्यात आले ते यामुळे. दुसरी गोष्ट मधल्या विभागाची. तुलनेसाठी असा एक विभाग राखल्यावाचून प्रयोगाला पुरावा म्हणून किंमत आली नसती, हे खरे. पण त्या सहा वर्षांत तेथेही मुले जन्मत होती, हेही तितकेच खरे आहे. 1962 नंतर त्या विभागालाही आयोडीनयुक्त मीठ देण्यात आले आणि तेथेही गलगंड ओसरू लागला. या सर्व निरीक्षणांचा विस्तृत अहवाल 1973 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांत सूच, रामलिंगस्वामी, कोचुपिल्लै यांच्याबरोबर देव आणि करमरकर ही नावेही आहेत.

गळ्यावरची गाठ हे या न्यूनतेचे डोळ्यांना दिसणारे चिन्ह आहे. परंतु ते तिचे सर्वांत वाईट फळ नव्हे. आईच्या रक्तात थायरॉक्सिन अपुरे असेल तर गर्भाच्या मेंदूची वाढ खुंटते. न्यूनता तीव्र असेल तर मूल जडवामन होते: उंची खुजी, बुद्धी मंद, पुष्कळदा मुके व बहिरे, चाल अडखळती. अशी मुले एके काळी हिमालयातील गावोगावी दिसत असत. न्यूनता मध्यम असेल तर बाहेरून काहीच दिसत नाही. केवळ मूल शाळेत मागे पडते आणि ते आळशी आहे किंवा मठ्ठ आहे, असे ठरवून सर्व मोकळे होतात. टाळता येण्याजोग्या मेंदूच्या हानीचे जगातील सर्वांत मोठे कारण आयोडीनची न्यूनता हे आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेने म्हटले आहे. मेंदूच्या वाढीचा काळ उलटून गेल्यावर आयोडीन दिले तर गाठ उतरू शकते. गेलेली बुद्धी परत येत नाही.

देशव्यापी कार्यक्रम

कांगड्याच्या अनुभवावरून 1962 मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आरंभीची वीस वर्षे त्याची प्रगती मंदच राहिली. आयोडीनयुक्त मीठ केवळ गलगंडग्रस्त ठरविलेल्या जिल्ह्यांपुरतेच पाठविले जाई व उत्पादनही थोडे होते. शिवाय हा विकार फक्त पहाडातील लोकांचा, असा समज दृढ होता. पुढील पाहण्यांनी तो खोटा ठरविला. गुजरात, महाराष्ट्र यांसारख्या विस्तीर्ण समुद्रकिनारा लाभलेल्या राज्यांतील काही जिल्ह्यांतही गलगंड आढळून आला. तेव्हा खाण्याचे सर्वच मीठ आयोडीनयुक्त करावे, असा निर्णय 1983 मध्ये घेण्यात आला. 1992 मध्ये कार्यक्रमाचे नाव बदलून त्यात ‘गलगंड’ या शब्दाऐवजी ‘आयोडीन-न्यूनताजन्य विकार’ हे शब्द आले. मेंदूची हानी हा खरा प्रश्न आहे, याची ही कबुलीच होती. आयोडीनविरहित खाद्य मिठाच्या विक्रीवर घातलेली देशव्यापी बंदी 2000 मध्ये उठविण्यात आली व 2006 मध्ये ती पुन्हा लागू झाली.

समुद्राजवळ राहणाऱ्यांच्या मनात एक शंका हटकून येते. मिठागरातले मीठ समुद्राच्या पाण्याचेच, मग त्यात आयोडीन असणारच, असे त्यांना वाटते. हा तर्क चुकीचा आहे. समुद्रजलातील आयोडीनचे प्रमाण मुळात अत्यल्प असते व मीठ तयार होताना त्याचा फारच थोडा अंश मिठात उतरतो. मिठागरातील जाड्या मिठाने किंवा उपासाच्या सैंधवाने आयोडीनची गरज भागत नाही. समुद्रातील मासळी व शैवाल यांत मात्र ते चांगले असते. अंडी व दूध यांतही काही प्रमाणात मिळते.

अधिक म्हणजे चांगले नव्हे

न्यूनतेचे दुष्परिणाम कळल्यावर जितके अधिक तितके बरे, असे वाटण्याचा संभव आहे. जपानच्या होक्काइडो बेटाच्या किनाऱ्यावरील कोळी वस्त्यांतील उदाहरण येथे उपयोगी पडेल. तेथील लोक समुद्रशैवाल विपुल खातात आणि गरजेच्या कितीतरी पट आयोडीन त्यांच्या पोटात जाते. त्यांच्यापैकी काहींना गलगंड होतो, असे जपानी शास्त्रज्ञांनी 1965 मध्ये नमूद केले. आयोडीनचा पूर आला की काही जणांची अवटू ग्रंथी स्राव निर्माण करणेच थांबविते. स्राव घटतो, पोष ग्रंथीचा आग्रह वाढतो आणि ग्रंथी फुगते. हिमालयात जे अभावाने घडते, तेच होक्काइडोत अतिरेकाने घडते.

पूर्वी किती मिळत होते, यावरही पुष्कळ अवलंबून असते. ऑस्ट्रेलियातील टास्मानिया बेटावर 1966 मध्ये पावात आयोडेट मिसळण्यास सुरुवात झाली. त्यानंतर काही काळ, जुनी गाठाळ ग्रंथी असलेल्या उतारवयाच्या लोकांत थायरॉक्सिनच्या अतिस्रावाचे रोगी वाढले. दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या ग्रंथीला अचानक मिळालेले आयोडीन आवरले नाही. काही वर्षांत हे प्रमाण खाली आले. योजना चुकीची होती असा याचा अर्थ नव्हे. उशीर किती महाग पडतो, एवढेच त्यावरून दिसते.

शिवाय कोणतेही खनिज एकटे काम करीत नाही. थायरॉक्सिनला पेशींत क्रियाशील रूप देणाऱ्या विकरांना सेलेनियम लागते. ग्रंथीत आयोडीन बांधणाऱ्या विकराला लोह लागते. रक्तक्षयी मुलाला आयोडीन दिले तरी त्याचा पुरता उपयोग होत नाही, तो यामुळे. याच्या उलट, कसाव्याचे कंद व कोबी-मोहरीच्या कुळातील भाज्या यांपासून शरीरात असे पदार्थ तयार होतात, की ते आयोडीनला ग्रंथीत शिरण्यास अडथळा करतात. आहारात आयोडीन पुरेसे असेल तर हा अडथळा नगण्य असतो. कोबी सोडण्याचे कारण नाही.

एकाच चिमटीत दोन खनिजे

मीठ हे आयोडीनचे वाहन म्हणून निवडले गेले, कारण श्रीमंत-गरीब सर्वांच्या घरी ते रोज व जवळजवळ ठरावीक मापाने लागते. परंतु मीठ म्हणजे मुख्यतः सोडियम क्लोराइड; आणि सोडियम अधिक झाले की शरीरात पाणी धरून ठेवले जाते व रक्तदाब वाढण्याकडे कल होतो. 32 देशांतील 52 केंद्रांवर झालेल्या व 1988 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मीठ व रक्तदाब यांचा संबंध दिसून आला. येथेही दुसऱ्या खनिजाची साथ महत्त्वाची आहे: पालेभाज्या, कडधान्ये, केळी, शहाळ्याचे पाणी यांतून मिळणारे पोटॅशियम सोडियमचा हा परिणाम सौम्य करते. प्रौढाने दिवसाला 5 ग्रॅमहून कमी मीठ खावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. लोणचे, पापड, फरसाण व विकतचे तयार पदार्थ यांतील मीठ धरले, तर बहुतेक घरांत ही मर्यादा ओलांडली जाते.

मग मीठ कमी केल्यास आयोडीनही कमी पडणार नाही काय? याचे उत्तर साध्या त्रैराशिकाने मिळते. भारतात आयोडीनचे प्रमाण ग्राहकाच्या हाती पडताना किलोग्रॅममागे किमान 15 मिलिग्रॅम असावे, असा नियम दीर्घकाळ प्रचलित होता. त्या प्रमाणाने 10 ग्रॅम मिठातून 150 मायक्रोग्रॅम आयोडीन मिळते, 5 ग्रॅममधून 75. किलोग्रॅममागे 30 मिलिग्रॅम असेल तर 5 ग्रॅममधूनही 150 मायक्रोग्रॅम मिळते, शिजविताना होणारी सुमारे एक-पंचमांश घट सोडून. म्हणजे मीठ कमी करावयाचे असल्यास मिठातील आयोडीन त्या मानाने वाढविले पाहिजे, आयोडीनसाठी मीठ अधिक खाऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने 2014 मध्ये दिलेल्या कोष्टकात हेच तत्त्व आहे: दररोज 10 ग्रॅम मीठ खाणाऱ्या समाजासाठी किलोग्रॅममागे 20 मिलिग्रॅम, 5 ग्रॅम खाणाऱ्यांसाठी 39 मिलिग्रॅम. ही आकडेमोड गृहिणीने करावयाची नाही. ती मीठ उत्पादक व शासन यांचे काम आहे. घरात करण्यासारखे काम याहून सोपे आहे. मीठ झाकणाच्या कोरड्या बरणीत, चूल व ऊन यांपासून दूर ठेवावे. जाडे मीठ धुऊन वापरण्याची रीत काही घरांत आहे. तीत आयोडीन पाण्याबरोबर निघून जाते.

मिठात आयोडीन आहे की नाही, हे शाळेतही तपासून पाहता येते. त्यासाठी पिष्ठाचे द्रावण असलेली एक लहान कुपी मिळते. चमचाभर मीठ पसरून त्यावर द्रावणाचा एक थेंब टाकावा. आयोडेट असेल तर मीठ निळसर जांभळे होते आणि कुपीबरोबर दिलेल्या रंगपट्टीशी तो रंग ताडून अदमासे प्रमाण कळते. रंग मुळीच आला नाही, तर लगेच मिठाला दोष देऊ नये. मिठात क्षारता असल्यासही रंग उमटत नाही. अशा वेळी मिठाच्या दुसऱ्या नमुन्यावर आधी सौम्य आम्लाच्या द्रावणाचा थेंब टाकून मग पुन्हा पिष्ठद्रावणाचा थेंब टाकतात. विद्यार्थ्यांनी आपापल्या घरून पुडीत मीठ आणले, तर एका तासात संपूर्ण गावाच्या मिठाची पाहणी होऊ शकते.